धावल्यावर मळमळतं? भरतीची तयारी करताना या चुका टाळा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावोगावची मैदानं उजाडायच्या आत गजबजतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सुरुवातीच्या दिवसांत मैदानाच्या कडेला कुणी ना कुणी गुडघ्यांवर हात टेकून ओकाऱ्या काढत असतं, आणि शेजारी उभा असलेला जुना भिडू त्याला धीर देतो, "उलटी झाली म्हणजे ग्राउंड चांगलं झालं." हा समज आधी डोक्यातून काढा. उलटीतून अंगातली घाण जात नाही. जातं ते पाणी आणि क्षार, आणि दुसऱ्या दिवशी त्याच अशक्त अंगानं पुन्हा पळावं लागतं.

जोरात धावताना पायांच्या स्नायूंना भरपूर रक्त लागतं. ते पोटाकडचं कमी करून तिकडे वळवलं जातं. त्यामुळे पोटातलं अन्न पुढे सरकणं मंदावतं. त्यातही १६०० आणि ८०० मीटर ही अंतरं जास्त त्रास देतात, कारण ती १०० मीटरसारखी क्षणात संपत नाहीत आणि लांब पल्ल्यासारखी निवांतही धावता येत नाहीत. शेवटच्या टप्प्यात रक्तातली आम्लता वाढते आणि पोटात ढवळायला लागतं.

पहिलाच राऊंड जीव खाऊन

माझ्या मते नवख्यांच्या मळमळीचं सगळ्यांत मोठं कारण हेच. ४०० मीटरच्या ट्रॅकवर १६०० मीटर म्हणजे ४ राऊंड. ६ मिनिटांत संपवायचं तर प्रत्येक राऊंडला ९० सेकंद मिळतात. नवा मुलगा पुढच्याच्या मागे लागून पहिला राऊंड ७५ सेकंदांत काढतो, तिसऱ्यात धाप आवरत नाही आणि चौथ्यात उमासे येतात. म्हणजे टायमिंगही गेलं आणि पोटही बिघडलं. घड्याळ लावा आणि पहिला राऊंड मुद्दाम आवरून धावा. गावच्या मैदानाची फेरी २०० मीटरची असेल, तर याच हिशेबानं एका फेरीला ४५ सेकंद.

पहिले तीन-चार आठवडे तर टायमिंग बघूच नका. शेजारच्याशी एखादं पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगानं पळा. तेही जमत नसेल तर एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. जोराचे राऊंड नंतर हळूहळू वाढवा, तेही आठवड्यातून एक-दोनदाच. आणि थंड अंगानं एकदम सुटू नका. आधी दहा मिनिटं चालणं, हलकं पळणं होऊ द्या.

हरभरे, अंडी, दूध: वेळ चुकते

भिजवलेले हरभरे, उकडलेली अंडी, दूध हे सगळं चांगलंच आहे, पण धावायच्या आधी नाही. हरभऱ्यात चोथा भरपूर, अंडी-दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश. हे पचायला वेळ घेतात. ते पोटात असताना पळालात की घशाशी येणारच. हा खुराक धावून आल्यावर, पोट शांत झाल्यावर खा. कच्ची अंडी मात्र केव्हाही नकोत. त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि शिजवलेल्या अंड्यातली प्रथिनं अंगाला जास्त लागतात.

उलट चूकही तितकीच होते: रात्री लवकर जेवून पहाटे निव्वळ कोऱ्या चहावर धावणं. काहींना ते चालतं, पण अनेकांना रिकाम्या पोटी चक्कर येते, आम्लपित्तानं मळमळतं. धावण्याआधी अर्धा-पाऊण तास एक केळं, दोन-तीन खजूर किंवा चार साधी बिस्किटं पुरतात. संध्याकाळी सराव असेल तर पोटभर जेवण आणि धावणं यांत तीन तासांचं अंतर ठेवा. आदल्या रात्रीचं तेलकट, तिखट, उशिराचं जेवणही सकाळी छळतं.

रेषा ओलांडली की खाली बसणं

धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. एकदम थांबलात की ते काम थांबतं, रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मळमळतं. म्हणून शर्यत संपली तरी पाच ते दहा मिनिटं चालत राहा. मित्राला बसू देऊ नका, हात धरून चालवा. घेरी येतच असेल तर मात्र आडवं झोपवून पाय उंच करा, आणि उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

थांबल्या थांबल्या गार पाण्याची बाटली एका दमात रिकामी करणं हीही नेहमीची चूक. घोट घोट प्या. घाम फार गेला असेल तर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस घ्या. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. तासन् तास घाम गाळून नुसतं साधं पाणी पोटभर ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घटतं, आणि त्यानंही मळमळ, डोकेदुखी होते.

पायदुखीची गोळी उपाशीपोटी घेऊन मैदानात उतरू नका, ती पोटाच्या अस्तराला त्रास देते. कॅफिनच्या पावडरी, मळमळ दाबायच्या गोळ्या घेऊन धावणंही नको.

इथे थांबायचंच

छातीत दुखणं किंवा दडपण, जबडा वा हातात कळ, थंड घाम, धावताना शुद्ध हरपणं: यांतलं काहीही दिसलं तर सराव तिथेच बंद करून दवाखाना गाठा. उन्हाळ्यात कुणी असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापलेलं असेल तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. सराव जबर झाल्यावर लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर तयारीला लागण्याआधीच त्यांच्याशी बोला.

वेग कमी करून, खाण्याची वेळ सुधारूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडत नसेल, तर रक्त तपासून घ्या. मुलींनी हिमोग्लोबिन आवर्जून बघावं. ते कमी असेल तर थोड्या पळण्यातही धाप लागते, छाती धडधडते. त्यासाठी लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि त्यांनी मळमळत असेल, तर गोळी बंद करू नका. पहाटे उपाशीपोटी घेण्याऐवजी रात्री जेवणानंतर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून वेळ बदला.