फोन-कॉम्प्युटर बंद पडला की दुकानात पळायच्या आधी घरात काय बघायचं

फोन चार्ज होईना, कॉम्प्युटर चालूच होईना, नेट नुसतं गोल गोल फिरतंय, असं झालं की आपल्या कोल्हापुरात एक तर घरातलं पोरगं दिसेल ते बटण दाबत सुटतं नाहीतर वडीलधारं माणूस फोन पिशवीत घालून सरळ राजारामपुरीतलं दुकान गाठतं. मधलं अर्ध्या तासाचं काम कुणी करतच नाही, ते म्हणजे नेमकं बिघडलंय काय ते शोधायचं. पद्धत अगदी साधी, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. केबल, चार्जर, सॉकेट सगळं एकदम बदललं आणि फोन चालू झाला तर दोष कशात होता ते कळतच नाही, आणि मग लोक चांगला चार्जर कचऱ्यात टाकतात न् खराब केबल जपून ठेवतात.

पण त्याच्याही आधी एक काम. फोन अजून चालू होतोय, स्क्रीन दिसतीये तोवरच फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडं कॉपी करून ठेवा. गुगलवर १५ जीबी जागा फुकट मिळते, पण त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही बसतात त्यामुळं ती लवकर भरते, म्हणून लग्नाचे, बारशाचे, आजी-आजोबांचे फोटो एका पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवरही घ्या आणि ती दुसऱ्या नातेवाइकांच्या घरात ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना हे सांगायला नको. कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर असेल तर दोन्ही एकदमच जातात.

चार्ज होईना

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, म्हणून सावकाश सांगतो. आधी त्याच सॉकेटला दुसरं काहीतरी लावून बघा, नाइट लॅम्प चालेल, जुन्या बोर्डांचे पॉइंट ढिले झालेले असतात. सॉकेट ठीक असेल तर चार्जर तोच ठेवून फक्त केबल बदला. तरी नाही झालं तर केबल तीच ठेवून चार्जर बदला. मग उलटं करा, तीच केबल, तोच चार्जर आणि घरातला दुसरा फोन. दुसरा फोन नीट चार्ज होतोय म्हणजे केबल-चार्जर निर्दोष, गडबड आपल्या फोनमध्ये.

आता फोन बंद करा आणि टॉर्चच्या उजेडात चार्जिंगच्या भोकात नीट बघा. केबल पूर्वी टक्कन बसायची आणि आता सैल बसते, जरा हलवली की चार्जिंग तुटतं, असं असेल तर बहुतेक वेळा आत कचरा असतो. खिशातल्या कापडाचा भुसा दरवेळी केबल घालताना आत दाबला जातो आणि तळाला त्याची राखाडी रंगाची चपटी गादी तयार होते, नुसतं बघून ती फोनचाच भाग वाटते. लाकडी टूथपिक घ्या, टोक जरा चपटं करा आणि कडेकडेनं अलगद खरवडा. टाइप-सी असेल तर मधे एक पातळ पट्टी असते तिला धक्का लावायचा नाही, सगळा खेळ तिच्यावरच आहे. सुई, टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नको, आतल्या बारीक पिना वाकतात नाहीतर शॉर्ट होतात. तोंडानं फुंकरही नको, थुंकीचा ओलावा आत जातो.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावला कारखान्यात कामाला असणाऱ्यांसाठी हे वेगळं सांगतो. लेथवर काम करताना फोन जवळ असेल तर लोखंडाचा बारीक कीस फोनच्या स्पीकरला येऊन चिकटतो, कारण स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. मग समोरच्याचा आवाज दबका येतो, रिंग फाटल्यासारखी वाजते आणि माणसाला वाटतं स्पीकर गेला. मऊ कोरडा ब्रश फिरवला तर कीस नुसता इकडून तिकडं सरकतो, त्यापेक्षा चिकटपट्टीचा तुकडा जाळीवर हलका दाबून उचला, परत नवा तुकडा, परत उचला, चार-पाच वेळा केलं की पट्टीवर काळे ठिपके दिसायला लागतात आणि आवाज मोकळा होतो. हाच कीस चार्जिंगच्या भोकात गेला तर मात्र धोका आहे, तिथं लोखंड दिसलं तर चार्जिंगला न लावता सरळ दुकानात द्या.

पावसातला फोन

जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावडा, राधानगरीकडं जाऊन आलं की रेनकोटच्या खिशातला फोनही दमट होतोच. केबल लावल्यावर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह आलं किंवा ओलावा असल्याची सूचना आली तर फोन बिघडलेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो. केबल काढा, भोक खाली करून तळहातावर हलकं आपटा आणि पंख्याखाली ठेवून द्या. अर्ध्या तासानं परत लावून बघा, पूर्ण वाळायला कधी कधी एक दिवसही लागतो. हेअर ड्रायर, गॅसजवळची ऊब, ऊन यातलं काही नको. आणि तांदळाच्या डब्यात फोन पुरून ठेवायचं आता सोडाच, तांदळाची पूड आत जाते, ॲपलनं तर आयफोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट सांगितलंय.

फोन पाण्यातच पडला असेल तर काढल्या काढल्या बंद करा, चालू होतोय का हे बघायचा मोह आवरा. आत पाणी असताना वीज फिरली की बोर्ड जातो. चहा, सरबत किंवा पुराचं पाणी असेल तर वाळवून उपयोग नाही, साखर आणि गाळ आतच राहतो, तो उघडूनच साफ करावा लागतो.

फोन अडकला, हळू झाला

स्क्रीन गोठली असेल तर सॅमसंगसारख्या काही अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र धरून ठेवा, दहा-वीस सेकंद, कंपनीचं नाव दिसेपर्यंत. आयफोन ८ आणि त्यानंतरच्यांना आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, मग कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरा. यात फोटो-बिटो काही जात नाहीत.

हळू झाला असेल तर पहिला संशय भरलेल्या मेमरीवर घ्या. सकाळी सकाळी ग्रुपवर येणारे सुप्रभातचे फोटो, देवाचे व्हिडिओ, कुस्त्यांच्या क्लिपा सगळं फोनमध्येच साठत असतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज उघडा, तिथं खूपदा फॉरवर्ड झालेल्या आणि ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या काढून दाखवतात, बघून बघून उडवा. ऑटो डाउनलोडही तिथूनच बंद करा. बाजारातली फोन क्लीनर, रॅम बूस्टर ॲप टाकू नका, त्यानं फोन आणखी जड होतो आणि वर जाहिराती.

फोनची पाठ फुगली, स्क्रीन कडेनं उचलली गेली तर घरातले प्रयोग तिथंच थांबवा. ती फुगलेली बॅटरी असते. चार्जिंगला लावायचं नाही, दाबायचं नाही, टोचायचं तर अजिबात नाही, पेट घेते. त्याच दिवशी बदलून घ्या.

कॉम्प्युटर चालूच होईना

बटण दाबल्यावर पंखासुद्धा फिरत नसेल तर सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड आणि डब्याच्या मागचं छोटं स्विच बघा, झाडलोट करताना ते बंद होतं. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी असेल तर मॉनिटरचा स्वतःचा दिवा बघा आणि त्याची केबल दोन्हीकडून काढून घट्ट बसवा. तरी नाही आलं आणि आतून बीप बीप येत असेल तर बहुतेक रॅमची, म्हणजे आतल्या मेमरीच्या पट्टीची भानगड. वायर भिंतीतून काढा, डबा उघडा, आतल्या लोखंडी पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते, दोन्ही बाजूंच्या खिट्या उघडून रॅमची पट्टी काढा आणि तिचे सोनेरी दात शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं घासा, भुगा झटका आणि टक आवाज येईपर्यंत परत बसवा. आपल्या दमट हवेत त्या दातांवर थर चढतो, पावसाळ्यात ही भानगड जास्त होते. वीज जिथून येते तो एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका, वायर काढली तरी त्यात करंट शिल्लक असतो.

लॅपटॉप चालू होत नसेल तर चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, मग चार्जर लावून चालू करा. साधा वाटतो पण पुष्कळदा एवढ्यानंच जागा होतो.

आणखी एक. सगळ्या वेबसाइट असुरक्षित आहेत अशी सूचना येत असेल तर आधी तारीख बघा. जुन्या कॉम्प्युटरमध्ये बोर्डवर नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी असते, ती संपली की तारीख कित्येक वर्षं मागं जाते आणि मग एकही साइट नीट उघडत नाही. ती बॅटरी घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळते.

हळू चालत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, डिस्कचा आकडा सारखा १०० टक्क्यांवर असेल तर जुनी हार्डडिस्क दमलेली असते, एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क बसवली की तोच कॉम्प्युटर पळायला लागतो, नवा घ्यायची गरज नाही. डिस्क टक टक वाजत असेल तर आधी फाइली कॉपी करा, बाकी सगळं नंतर. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट देणं, बंद केला, त्यामुळं त्यावर बँकेची कामं करणाऱ्यांनी पुढचा विचार करायलाच हवा.

नेट

राउटरवर लाल दिवा लागून त्याखाली एलओएस लिहिलेलं असेल तर राउटरपर्यंत सिग्नलच येत नाही, बहुतेक बाहेर फायबर तुटलीये, शंभरदा बंद-चालू करून काही होणार नाही, कंपनीला फोन करा. दिवे बरोबर असतील आणि एकाच फोनवर नेट नसेल तर दोष त्या फोनचा. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की राउटर आणि कॉम्प्युटरचे प्लग सरळ काढूनच ठेवा.

मदतीचा नंबर शोधताना

हे कळकळीनं सांगतोय, घरातल्या मावशी-काकांनाही वाचून दाखवा. फोन बिघडला की लोक गुगलवर कस्टमर केअर शोधतात आणि पहिला नंबर फिरवतात, तो चोरांचा असू शकतो. नंबर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा बिलावरूनच घ्या. समोरचा एनीडेस्कसारखं, लांबून आपला फोन चालवता येणारं ॲप टाकायला लावत असेल, ओटीपी मागत असेल, एक रुपया पाठवून बघा म्हणत असेल तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच थांबायची शक्यता जास्त.

एवढं करून दुकानात जावं लागलं तर

सिम आणि मेमरी कार्ड काढून घरी ठेवा, यूपीआयच्या ॲपमधून बाहेर पडा. काय काय तपासलं ते कागदावर लिहून न्या, दुसरी केबल लावली, दुसरा चार्जर लावला, भोक साफ केलं, तरी नाही, असं सांगितलं की दुकानदारही सरळ मुद्द्याला येतो. खर्चाचा अंदाज आधी विचारा, डेटा उडवायचा नाही हे पावतीवर लिहून घ्या, आणि पार्ट बदलला तर जुना पार्ट परत मागा.