हॅव आणि हॅजच्या पुढे: समवन, एनीवन की नोबडी?

इंग्रजीच्या पूर्ण वर्तमानकाळाचं सूत्र शाळेतच पाठ झालेलं असतं: हॅव किंवा हॅज आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप. सीन, टोल्ड, ईटन ही रूपंही बहुतेकांना येतात. गाडी अडते ती पुढच्या शब्दावर. 'कुणाला तरी', 'कुणालाच', 'काहीही' म्हणायची वेळ आली की समवन, एनीवन, नो वन यांतलं कुठलं घ्यायचं, याचा अंदाजपंचे कारभार सुरू होतो. मराठी माध्यमातून आलेल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते. त्यांच्या वह्यांत माझी सगळ्यात जास्त लाल शाई याच जागी खर्च होते.

एकच वाक्य नीट बघू या. 'मी कुणालाच सांगितलेलं नाही.' याचं इंग्रजी वहीत हमखास असं येतं: 'आय हॅव नॉट टोल्ड नोबडी.' लिहिणाऱ्याच्या डोक्यात मराठी वाक्य अगदी बरोबर असतं. आपल्याकडे नकाराचं सगळं ओझं 'नाही' उचलतं, आणि 'कुणालाच' त्याला फक्त जोर देतं. 'नाही' काढून टाकलं तर 'मी कुणालाच सांगितलेलं' हे वाक्य अधांतरी राहतं. इंग्रजीतल्या नोबडीच्या पोटात मात्र नकार आधीच बसलेला आहे. त्यामुळे हॅवला नॉट लावून पुढे पुन्हा नोबडी आणला की नकार दोनदा होतो. प्रमाण इंग्रजीत तो एकदाच हवा. म्हणून वाटा दोन: 'आय हॅवन्ट टोल्ड एनीबडी' किंवा 'आय हॅव टोल्ड नोबडी'. पहिली रोजच्या बोलण्यातली. दुसरी जोर देऊन सांगायची, 'अगदी कुणालाही नाही बरं का' अशा सुराची.

नोबडी, नथिंग यांच्या पोटात नकार असतो हे पटत नसेल, तर वाक्याच्या शेवटी येणारा 'हो ना?'सारखा छोटा प्रश्न ऐका. 'नथिंग हॅज चेंज्ड, हॅज इट?' होकारार्थी वाक्यामागे हा प्रश्न नकारार्थी येतो आणि नकारार्थी वाक्यामागे होकारार्थी. इथे नॉट कुठेच दिसत नाही, तरी मागे 'हॅज इट' आलं, म्हणजे इंग्रजी या वाक्याला नकारार्थीच मानतं.

चित्रपटांत आणि गाण्यांत दुहेरी नकार ऐकू येतो आणि विद्यार्थी तो पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवतात. तो खरा आहे. इंग्रजीच्या कितीतरी बोलींत आजही तो रुळलेला आहे, आणि चौदाव्या शतकात, इंग्रजी कवी चॉसरच्या काळात, तो लिखाणातही सर्रास चालायचा. त्या बोलींना अशुद्ध म्हणणं मला मुळीच मान्य नाही. पण परीक्षेत आणि नोकरीच्या अर्जात प्रमाण भाषा अपेक्षित असते, तिथे तो टाळा.

आता याच नियमाची दुसरी बाजू. 'अजून कुणीही आलेलं नाही' याचं 'एनीबडी हॅज नॉट कम येट' होतं, आणि ते चुकतं. एनीबडी, एनीथिंग या शब्दांना नकाराचा किंवा प्रश्नाचा आधार लागतो, आणि तो आधार त्यांच्या आधी यावा लागतो. 'आय हॅवन्ट सीन एनीबडी' या वाक्यात नॉट आधी येऊन गेला, म्हणून एनीबडी चालला. 'हॅज एनीबडी कम?' इथे हॅज पुढे आल्यामुळे प्रश्न सुरू झाला, म्हणून चालला. वाक्याची सुरुवातच एनीबडीने केली आणि नॉट मागून आला, तर त्याला धरायला काहीच उरत नाही. तिथे सरळ 'नोबडी हॅज कम येट' म्हणायचं. मराठी ऐकणारा 'नाही'साठी वाक्य संपेपर्यंत थांबतो, इंग्रजी ऐकणाऱ्याला नकार लवकर लागतो. एवढं लक्षात ठेवलं तर अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

आधार फक्त नॉटचाच असतो असं नाही. नेव्हर आणि हार्डलीही ते काम करतात: 'आय हॅव नेव्हर टोल्ड एनीवन', 'शी हॅज हार्डली ईटन एनीथिंग'. हार्डलीपाशी जरा थांबा. 'तिने जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही' हे मराठी मनात असलं की हात आपोआप नथिंगकडे जातो. हार्डली दिसायला नकारार्थी नाही, पण वागतो तसाच.

एव्हरीवन आणि एव्हरीथिंग वरकरणी सोपे, पण नॉटच्या शेजारी आले की जपून. एका विद्यार्थिनीने कामावरच्या निरोपात लिहिलं होतं, 'एव्हरीवन हॅज नॉट फिल्ड इन द फॉर्म.' तिला म्हणायचं होतं, काहींचा फॉर्म भरायचा राहिलाय. वाचणाऱ्याला मात्र 'कुणीच भरला नाही' असाही अर्थ लागू शकतो. नॉट उचलून पुढे ठेवला की शंका उरत नाही: 'नॉट एव्हरीवन हॅज फिल्ड इन द फॉर्म.' कर्माच्या जागी हा घोटाळा होत नाही. 'आय हॅवन्ट रेड एव्हरीथिंग' म्हणजे थोडं वाचायचं राहिलंय, आणि 'आय हॅवन्ट रेड एनीथिंग' म्हणजे पानही उलटलेलं नाही. एव्हरीवनचा अर्थ अनेकांचा असला तरी क्रियापद एकवचनी, म्हणून हॅज. पुढे मात्र देअर येतं: 'एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर बुक.'

प्रश्नात नेहमी एनीच वापरायचं असं अनेकजण पाठ करून येतात. ते पुरतं खरं नाही, आणि इथे आपली मराठी छान उपयोगी पडते. 'काही विसरलात का?' आणि 'काहीतरी विसरलात का?' यांतला फरक तुम्हाला कानानेच कळतो. पहिल्यात नुसती चौकशी आहे: 'हॅव यू फरगॉटन एनीथिंग?' दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला खुर्चीवर राहिलेली छत्री दिसलेली आहे: 'हॅव यू फरगॉटन समथिंग?'

शब्दांच्या क्रमातही निम्मी मदत घरचीच आहे. 'काहीतरी नवीन'मध्ये विशेषण मागे येतं, तसंच 'आय हॅव लर्न्ट समथिंग न्यू'. पण 'दुसऱ्या कुणाला तरी'मधला 'दुसऱ्या' इंग्रजीत मागे जातो: 'आय हॅव आस्क्ड समवन एल्स.' ऑलरेडी मात्र हॅव आणि तिसऱ्या रूपाच्या मध्ये बसवा: 'आय हॅव ऑलरेडी टोल्ड एव्हरीवन.'

'मी काल कुणाला तरी सांगितलं आहे' हे मराठीत खपून जातं. इंग्रजीत 'काल' आला की हॅव गेला: 'आय टोल्ड समवन येस्टरडे.'

सरावासाठी मी कोष्टक पाठ करायला लावत नाही. एक क्रियापद घ्या आणि तेच वाक्य मोठ्याने चार अंगांनी फिरवा: 'आय हॅव फाउंड समथिंग. हॅव यू फाउंड एनीथिंग? आय हॅवन्ट फाउंड एनीथिंग. आय हॅव फाउंड नथिंग.' मग फाउंडच्या जागी सीन, हर्ड, सेड, बॉट घाला. जोडीदार मिळाला तर एकाने प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्याने नकार देताना एकदा हॅवन्ट आणि एकदा नथिंग वापरायचं. तोंड न अडखळता चारही वाक्यं येऊ लागली, की हॅवच्या जागी हॅड घालून तीच पुन्हा म्हणा. सर्वनामांचं वागणं तिथेही हेच राहतं.