पोट फुगायचं, कारण सापडलं एकदाचं (माझा अनुभव)

मी जळगावचा, वर्षभर रात्री जेवलं की तासाभरात पोट ढोलासारखं, झोप नाही. सगळे म्हणायचे शेवभाजी बंद कर, तिखट सोड. सोडलं १५ दिवस, काहीच फरक नाही. मग कळण्याच्या भाकरीवर संशय घेतला कारण तिच्यात ज्वारीसोबत उडीद असतो, तीपण बंद, आई नाराज, आणि फुगणं तसंच.

मग साधी वही केली, काय खाल्लं, किती वाजता, नंतर कसं वाटलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे फार महत्त्वाचं, नाहीतर कळतच नाही कशाने फरक पडला. तिसऱ्या फेरीत झोपतानाचं ग्लासभर दूध बंद केलं आणि ४ दिवसात पोट हलकं! खात्रीसाठी परत चालू केलं, परत तेच. दुधातली लॅक्टोज नावाची साखर मला पचत नाही बहुतेक, दही चालतं कारण विरजणात ती थोडी कमी होते.

आता भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी सगळं चालू आहे. वजन कमी होत असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर मात्र वही बाजूला ठेवा, आधी डॉक्टर गाठा.