पाण्याच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

दर रविवारी मी गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेच्या मुलांबरोबर पेपर वाचायला बसतो. उन्हाळा आला की त्याच त्या चुका ऐकू येतात. त्या मुलांपुरत्या राहिल्या असत्या तर मी लिहायला बसलो नसतो.

'उजनी मायनसमध्ये' म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं उजनी धरण कोरडं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. उजनीत एकूण सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं 53.57 टीएमसी उपयुक्त, म्हणजे एरवी वापरायचं; 63.66 मृत साठ्यातलं, म्हणजे त्याच्याही खाली तळाशी राहणारं. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. बातमीत 'शून्य टक्के' येतं त्या दिवशीही धरणात 63 टीएमसीहून जास्त पाणी असतं. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं. एका वाहिनीवर दिवसभर भेगाळलेली जमीन दाखवत होते. ते बघून आमच्या भावकीतल्या तात्यांनी दोन दुभत्या गाई मिळेल त्या भावाला काढल्या. "धरणच संपलं, जनावरं कशावर जगवू?" मी वही घेऊन पोचलो तोवर टेम्पो गेला होता. उणे 50 म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्म्याएवढं पाणी मृत साठ्यातून कमी झालेलं; तेव्हाही, तळाचा गाळ धरून, जवळपास 37 टीएमसी उरतं. कालव्याचं पाणी बंद होतं, पण पिण्यासाठी मृत साठ्यातूनही सोडतात. ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरलं. तात्यांच्या गोठ्यात मात्र दावी तशीच लोंबत होती.

दुसरी चूक पुढाऱ्यांनी पढवलेली: 'सत्तर हजार कोटींचा सिंचन घोटाळा'. सत्तर हजार कोटी हा दहा वर्षांतला खर्च म्हणून सांगितला गेलेला आकडा. 2011-12 च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राचा वाटा दशकात अवघा 0.1 टक्क्याने वाढल्याचं दिसलं. हे दोन आकडे शेजारी ठेवले गेले आणि भाषणाभाषणांतून सगळा खर्चच घोटाळा ठरला. नोव्हेंबर 2012 च्या श्वेतपत्रिकेत सरकारने 5.17 टक्के वाढ सांगितली, मग दुसरी बाजू तेवढाच आकडा घेऊन नाचली. या ओढाताणीत खरा प्रश्न बाजूला पडला: 2009 मध्ये विदर्भातल्या प्रकल्पांच्या किमती काही महिन्यांत एवढ्या कशा वाढवून मंजूर झाल्या? मला याचा आजही राग येतो. फुगवलेला आकडा खोडला की आरोपी सुटल्यासारखा वाटतो, आणि अर्धवट कालव्याच्या शेपटाचा शेतकरी तिथेच राहतो.

'सिंचन क्षमता निर्माण झाली' म्हणजे रान भिजलं, असं वाचू नका. क्षमता म्हणजे किती रान भिजवता येईल तो आकडा.

अर्थसंकल्पातली तरतूद म्हणजे खर्च नव्हे. प्रशासकीय मान्यता म्हणजे तर फावडंही पडलेलं नसतं.

'दुष्काळसदृश' आणि 'दुष्काळ' वेगळे. 2018 मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्याच्या आठवडाभर आधी नुसतं 'सदृश' होतं.

माझी सवय साधी आहे. आकडा दिसला की वहीत तीन रकाने: कशाचा, कशापैकी, कोणी सांगितला. एक जरी रकाना रिकामा राहिला तरी ती बातमी मी ग्रुपवर पुढे पाठवत नाही. घाईतली पोरं म्हणतात, "सर, तयार तक्ता द्या ना." मी देत नाही. जलसंपदा विभाग रोजचा साठा जाहीर करतो, त्यात मृत आणि उपयुक्त साठा वेगळा दिलेला असतो. तो स्वतःच्या हाताने उतरवायला वीस मिनिटं लागतात. आता तात्याही रविवारी येऊन बसतात, आणि उजनीचा रकाना तेच भरतात.