ऑनलाइन समुपदेशन: आधी दार लागणारी जागा शोधा

ऑनलाइन समुपदेशन अर्ध्यावर सुटण्याचं एक अगदी साधं कारण म्हणजे घरात मोकळेपणी बोलायला जागा नसते. पलीकडच्या खोलीत आई आहे म्हटलं की माणूस आईचा विषय टाळून ऑफिसबद्दल बोलत राहतो, आणि 50 मिनिटं संपतात.

म्हणून पहिलं काम जागेचं. वन-रूम-किचनमध्ये राहत असाल तर सोसायटीत उभी केलेली गाडी, गच्ची, मैत्रिणीची रिकामी खोली, काहीही चालेल. बंद दाराबाहेर रेडिओ लावून ठेवला की आतलं बोलणं बाहेर नीट कळत नाही. हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथ कधीकधी आपोआप हॉलमधल्या स्पीकरला जोडला जातो आणि समुपदेशकाचा आवाज घरभर ऐकू येतो. ऑफिसचा लॅपटॉप आणि ईमेल वापरू नका, कारण कंपनीला ते पाहता येऊ शकतं. फी सामायिक खात्यातून भरली तर पासबुकात नाव उमटतं, हेही ध्यानात ठेवा.

समुपदेशक ठरवताना सरळ विचारा: शिक्षण काय, माझ्यासारख्या अडचणीवर काम केलंय का, सत्र मराठीत घ्याल का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक मागण्यात काही गैर नाही. औषध लिहून देणं हे मानसोपचारतज्ज्ञाचं, म्हणजे डॉक्टरचं काम. समुपदेशकच गोळ्यांची नावं सांगू लागला तर तिथे थांबा. भाषेचा आग्रह जरूर धरा. ‘जीव घाबरा होतो’ आणि ‘कोंडल्यासारखं होतं’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. इंग्रजीत सांगायला गेलं की दोन्हींचं ‘स्ट्रेस’ होऊन जातं.

पहिल्या सत्राआधी येणारं संमतीपत्र नीट वाचा. फी, सत्र रद्द करायची मुदत (बऱ्याच ठिकाणी 24 तास), रेकॉर्डिंगबद्दलचा नियम आणि गुप्तता कधी मोडली जाते, हे त्यात हवं. जिवाला धोका असेल तर ती मोडली जाते. लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारकच आहे. ‘आज कुठून बोलताय?’ असं दर वेळी विचारतील, जवळच्या एका माणसाचा नंबरही मागतील. सत्र चालू असताना काही बरंवाईट झालं तर मदत कुठे पाठवायची, ते स्क्रीनवरून कळत नाही.

बोलायला एकच प्रसंग न्या, आणि तो ताजा असू द्या. ‘मला टेन्शन असतं’ एवढ्यावर काम होत नाही. ‘मंगळवारी रात्री 9 ला साहेबांचा मेसेज आला, हात गार पडले, आता नोकरी जाणार असं वाटलं, मेसेज न उघडता फोन उशीखाली ठेवला आणि दोनपर्यंत जागी होते’ यावर होतं. काय घडलं, शरीराला काय जाणवलं, मनात काय आलं, मग काय केलं: चार ओळी, त्याच रात्री वहीत. आठवड्याने आठवायला बसलात तर फक्त राग आठवतो, हात गार पडलेले विसरतात.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि हात दिसतील इतका लांब ठेवा. तरीही थरथरणारा पाय समोरच्याला दिसत नाही, म्हणून ‘आत्ता रडू येतंय’ हे तोंडाने सांगावं लागतं. स्वतःचा चेहरा दिसणारा चौकोन लपवा. नेट गेलं तर कोण कोणाला फोन करणार, हे आधीच ठरवा.

सत्र संपल्यावर 15 मिनिटं मोकळी ठेवा. दवाखान्यातून घरी येताना रस्त्यात मन जरा निवतं. इथे लॅपटॉप मिटला की समोर कुकर असतो.

चार-सहा सत्रांनी दोघांनी मिळून आढावा घ्या. पटत नसेल तर गायब न होता तसं सांगा. पद्धत बदलता येते, किंवा दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवता येतं.

आत्महत्येचे विचार येत असतील, कानात आवाज ऐकू येत असतील, किंवा मारहाण करणारा माणूस त्याच घरात असेल, तर नुसत्या ठरल्या वेळेच्या व्हिडिओ सत्रावर विसंबू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. जीव धोक्यात असेल तर 112 लावा.