जहाजातल्या बंद खोलीची आग: मॉडेलिंग शिकायला येणाऱ्यांसाठी

इंजिनिअरिंग करून या कामात येऊ पाहणारी मुलं आधी विचारतात, "सॉफ्टवेअर कुठलं शिकू?" अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं फायर डायनॅमिक्स सिम्युलेटर, म्हणजे एफडीएस, हे आग आणि धूर कसा पसरेल याचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याचं मॅन्युअल उत्तम आहे. पण ते उघडण्याआधी वही-पेन घेऊन बसा, असं मी आग्रहाने सांगतो.

आगीला हवा किती मिळणार, हा पहिला हिशेब. दाराचं क्षेत्रफळ गुणिले उंचीचं वर्गमूळ गुणिले 1500, उत्तर किलोवॅटमध्ये. दार 2 मीटर उंच, 0.8 मीटर रुंद असेल तर आत फार तर 3.4 मेगावॅटची आग जळू शकते. आता दार लावून घ्या. 30 घनमीटरच्या केबिनमध्ये 500 किलोवॅटची आग साधारण मिनिटभरात इतका ऑक्सिजन संपवते की ज्वाळा टिकत नाहीत. तुमच्या रनमध्ये, म्हणजे संगणकाने केलेल्या हिशेबात, ती दहा मिनिटं जोमाने जळत दिसली, तर रंगीत चित्रावर भाळू नका, हवा कुठून येतेय ते शोधा. आणि हे लक्षात ठेवा, की आग किती मोठी हे बहुतेक वेळा आपणच फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

दुसरा हिशेब पत्र्याचा, आणि माझ्या मते जहाजाचं खरं काम इथेच आहे. 6 मिलिमीटरचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला 20 किलोवॅट शोषत राहिला तर मिनिटाला सुमारे 55 अंशांनी तापतो. पलीकडे केबल असो, रंगाचे डबे असोत, ज्वाळा तिथवर न पोचताही ते पेटू शकतात. म्हणून चार बल्कहेड (जहाजातल्या उभ्या भिंती), वरचा डेक, खालचा डेक, सगळ्यांकडे बघावं लागतं. सोलास, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या, ए-60 दर्जाच्या आगरोधक भिंतीची पलीकडची बाजू तासभराच्या चाचणीत सुरुवातीच्या तापमानापेक्षा सरासरी 140 अंशांहून जास्त तापता कामा नये, ते याचसाठी.

14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या जागेत, कापसाच्या गाठी धुमसत होत्या. दाट धुरात आगीची जागा सापडेना, आणि त्याच जहाजावर दारूगोळा होता. पुढचा स्फोट मुंबईला माहीत आहे. आतली उष्णता कुठल्या पत्र्यापर्यंत, किती वेळात पोचेल, हे आधी सांगता यावं म्हणून आपण ही मॉडेलं करतो.

एफडीएसमध्ये भिंतीबद्दल काहीच लिहिलं नाही, तर तिचं तापमान सुरुवातीचंच कायम राहतं. पोलादाची जाडी, घनता 7850 किलो प्रति घनमीटर, उष्णतावाहकता सुमारे 45 वॅट प्रति मीटर-केल्विन हे द्याच, आणि उष्णता पाठीमागच्या खोलीत जातेय ना, तेही तपासा. नेहमीच्या मांडणीत उष्णता फक्त पत्र्याच्या जाडीतून जाते, पत्र्याच्या अंगाने पसरत नाही. रिपोर्टमध्ये हे स्पष्ट लिहा.

सरावाला 1982 चे स्टेकलर यांचे खोलीतल्या आगीचे प्रयोग घ्या. खोली 2.8 बाय 2.8 मीटर, आग 62.9 किलोवॅट. दारातलं तापमान आणि हवेचा वेग प्रयोगाशी जुळला, की ग्रिड, म्हणजे हिशेबासाठी खोलीचे पाडलेले चौकोनी तुकडे, बारीक करून पुन्हा रन लावा. मग त्याच खोलीला पोलादी भिंती द्या आणि दार बंद करा.