चावीवर माणूस बसवा, मग बॉनेट उघडा

जुनी पेट्रोल पिकअप, सेल्फ जोरात फिरतोय, इंजिन मात्र पकडत नाही आणि ठिणगीच येत नसावी असा संशय आहे. अशा वेळी हात आपोआप नव्या कॉइलच्या (बॅटरीच्या बारा व्होल्टवरून प्लगच्या ठिणगीएवढा दाब तयार करणारा भाग) खोक्याकडे जातो. तो आवरा. सुट्या भागांची खरेदी सगळ्यात शेवटी. आधी तयारी, आणि तयारीत सगळ्यात आधी एक माणूस. तो ड्रायव्हरच्या जागेवर बसेल, तुम्ही ‘मार’ म्हटलं की चावी फिरवेल, ‘सोड’ म्हटलं की सोडेल. त्याला गाडीतलं काही कळत नसलं तरी चालेल. उलट न कळणारा बरा. कळणारा मध्येच खाली उतरून सल्ले द्यायला लागतो. माणूस मिळत नसेल तर काम उद्यावर ढकला. हे गंमत म्हणून लिहीत नाही, कारण पुढे येईल.

हँडब्रेक, न्यूट्रल, चाकांना ओट, बाह्या वर, अंगठी आणि घड्याळ काढून खिशात. पंख्यापासून हात लांब. एवढं सगळ्यांना माहीत असतं.

बॅटरी. नुसता हॉर्न वाजतोय म्हणून ती चांगली समजू नका. भरलेली बॅटरी काही तास तशीच उभी राहिली तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साधारण ९.६ च्या खाली जाता कामा नये. तेवढी पडली तर सेल्फ फिरेल, पण कित्येक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल (कॉइलचा करंट तोडजोड करणारी डबी) काम सोडून देतील आणि तुम्ही बिचाऱ्या मॉड्यूलला दोष द्याल. तपासणीत सेल्फ पुन्हा पुन्हा मारावा लागतो, म्हणून चार्जर जवळ ठेवा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये सेल्फला दोन मिनिटं गार होऊ द्या.

हत्यारं फार लागत नाहीत. बल्बवाला टेस्ट लॅम्प, मल्टीमीटर, स्पार्क टेस्टर, फीलर गेज (फट मोजायच्या पत्र्या), पॉलिश पेपर, थोडी उजेडाची सोय. टेस्ट लॅम्प बल्बचाच हवा, एलईडीचा नको. गंजून केसाएवढी उरलेली वायरसुद्धा मीटरवर ऐटीत १२ व्होल्ट दाखवते. बल्बचा भार पडला की तिचं पितळ उघडं पडतं. लॅम्पची क्लिप थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. इंजिनवर रंगाच्या किंवा ग्रीसच्या थरावर लावली तर लॅम्प खोटं बोलेल. मात्र गाडीत इंजिन कॉम्प्युटर असेल तर त्याच्या वायरींना बल्बवाला लॅम्प लावू नका.

स्पार्क टेस्टर का, प्लग इंजिनवर टेकवून का नको? कारण उघड्या हवेत प्लगच्या एवढ्याशा फटीतून अशक्त कॉइलही ठिणगी काढते, सिलिंडरच्या दाबाखाली तीच कॉइल हार मानते. टेस्टरची फट मोठी असते, तिथे खरं काय ते कळतं. वायर हातात धरून ‘बघू झटका बसतो का’ असला प्रकार नको, आणि वायर मोकळी लोंबत ठेवून सेल्फ मारणंही नको. जास्त ताकदीच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये ठिणगीला जायला जागा मिळाली नाही तर ती कॉइल किंवा मॉड्यूल फोडून वाट काढते. टेस्टर कार्ब्युरेटरपासून लांब ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी वास जाऊ द्या.

टेस्टर दोन ठिकाणी लावायचाय: एकदा कॉइलमधून निघणाऱ्या जाड वायरवर, एकदा प्लगच्या वायरवर. कॉइलवर ठिणगी आहे आणि प्लगवर नाही, तर भानगड डिस्ट्रिब्युटरची (ठिणगी पाळीपाळीने एकेका प्लगला वाटणारा भाग) टोपी, तिच्या आत फिरणारा रोटर किंवा वायरींत आहे, बाकी काही उघडू नका. दोन्हीकडे नाही तर पुढे वाचा. जनरल मोटर्सच्या १९७५ पासून पुढच्या काही वर्षांतल्या बऱ्याचशा पिकअपमध्ये कॉइल डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतच बसवलेली असते, तिथे जाड वायर सापडणार नाही. प्लगवरच बघावं लागेल.

माणूस चावीवर बसलाय ना? कारण इथून पुढचं त्याच्याशिवाय होत नाही.

कॉइलच्या पॉझिटिव्हला लॅम्प लावा. चावी ऑन. लागला. छान, पण हे अर्धंच काम झालं. इथे निम्मे लोक ‘करंट येतोय’ म्हणून पुढे सरकतात. लॅम्प तिथेच ठेवून आता माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि सेल्फ फिरत असताना लॅम्प बघा. सेल्फ फिरत असताना. लागलेलाच राहिला पाहिजे.

जुन्या गाड्यांत कॉइलला करंट दोन वाटांनी येतो. इंजिन चालू असताना तो इग्निशन स्विचमधून बॅलास्ट रेझिस्टरमार्गे येतो, म्हणजे कॉइल तापू नये म्हणून मुद्दाम कमी करून. सेल्फ मारताना बॅटरी आधीच खाली आलेली असते, म्हणून तेवढ्या वेळापुरता बॅलास्टला वळसा घालून पुरा करंट दिला जातो. हा वळसा गाडीगणिक वेगळा: कुठे सोलेनॉइडवरच्या (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणारा स्विच) एका बारीक टर्मिनलवरून, कुठे इग्निशन स्विचच्या वेगळ्या कॉन्टॅक्टवरून. जुन्या फोर्ड पिकअपमध्ये मडगार्डच्या आतल्या बाजूच्या रिलेवर ‘आय’ असं लिहिलेलं टर्मिनल असतं, तेच ते. आणि मेख अशी की पुष्कळ गाड्यांत चावी स्टार्टवर गेली की पहिली वाट पूर्ण बंद होते. तेव्हा वळशाची वायर निघालेली असेल, किंवा स्विचचा तो कॉन्टॅक्ट झिजला असेल, तर चावी ऑनवर सगळं ठणठणीत आणि सेल्फ फिरताना कॉइल कोरडी.

याची खूण ओळखायला शिका. सेल्फ कितीही मारा, काही नाही. आणि चावी सोडता सोडता इंजिन एकच गचका देतं, जणू पकडणार होतं. चावी स्टार्टवरून ऑनवर येतानाच्या त्या क्षणी पहिली वाट पुन्हा सुरू होते, इंजिन अजून फिरत असतं, एखादी ठिणगी पडते. तो गचका चावीवरच्या माणसाला बॉनेटजवळच्या माणसापेक्षा आधी जाणवतो. त्याला आधीच सांगून ठेवा की असं काही झालं तर बोल. याच्या बरोबर उलटी खूण म्हणजे सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि चावी सोडली की मरतं. तिथे बॅलास्ट जळालाय, किंवा स्विचचा ऑनचा कॉन्टॅक्ट गेलाय. क्रायस्लरच्या जुन्या डॉज पिकअपमध्ये फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) पांढऱ्या सिरॅमिकचा तो बॅलास्ट दिसतो. स्वस्त वस्तू आहे, एक जास्तीचा गाडीत टाकून ठेवावा.

आता माणूसच का, हे. एकट्याने काम करणारे रिमोट सेल्फ बटण लावतात किंवा सोलेनॉइडवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकतात. त्या वेळी चावी असते ऑनवर. म्हणजे पहिली वाट चालू, कॉइलला करंट आहे, ठिणगी पडते. ज्या बिघाडाने गाडी बंद पडली तो बिघाड तुम्ही स्वतःच बाजूला सारून तपासणी करताय. मागच्या खेपेला मी नेमकं हेच केलं. बटण दाबलं की ठिणगी, चावीने मारलं की शून्य, आणि मी त्याला ‘कधी येते कधी जाते’ असं नाव देऊन आधी मॉड्यूल बदललं, मग कॉइल. नव्या कॉइलचंही तेच रडगाणं. म्हणून पुन्हा सांगतो: सेल्फ चावीनेच मारायचा आणि चावी दुसऱ्याने फिरवायची. बटण नको, स्क्रू-ड्रायव्हर नको.

पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडमीट करून कॉइलचा करंट तोडणारे कॉन्टॅक्ट) गाडीत नंतर कोणी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवली असेल तर बॅलास्टची वायर तशीच ठेवलीय का तेही इथेच बघून घ्या. टोपीत कॉइल असलेल्या इग्निशनला बॅलास्ट नकोच असतो, तिला पुरे बारा व्होल्ट लागतात.

पॉझिटिव्ह दोन्ही वेळा ठीक असेल तर लॅम्प कॉइलच्या निगेटिव्हला. माणसाला सांगा, मार. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट किंवा मॉड्यूल आपलं काम करतंय आणि संशय कॉइलवर, टोपीवर, रोटरवर जातो. सतत लागलेलाच राहिला तर कोणी करंट तोडजोड करत नाही: पॉइंट काळे पडलेत किंवा मिटतच नाहीत, मॉड्यूल मेलंय, पिकअप कॉइल (डिस्ट्रिब्युटरमधली, मॉड्यूलला इशारा देणारी छोटी कॉइल) गेलीय, किंवा डिस्ट्रिब्युटरला अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) मिळत नाही. अजिबात लागला नाही तर कॉइलचं आतलं वेटोळं तुटलंय, किंवा निगेटिव्हची वायर कुठेतरी बॉडीला घासून अर्थ झालीय. यात टॅकोमीटरच्या वायरकडे कोणी बघत नाही. ती निगेटिव्हवरूनच निघते, फायरवॉलच्या भोकात घासते आणि ठिणगी गिळून टाकते. काढून बघा, एका मिनिटाचं काम. पॉइंटच्या गाडीत आतून शॉर्ट झालेला कंडेन्सरही हेच करतो.

अर्थ वेगळा बघा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं डिस्ट्रिब्युटरच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारताना (माणूस!) वाचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिन आणि बॉडीमधली जाळीची पट्टी, बॅटरीची केबल, सगळे नट काढून घासा. वरून घट्ट दिसणारा नट आतून हिरवा निघतो.

मग टोपी काढा आणि सेल्फ मारताना रोटर फिरतो का बघा. रोटर फिरतच नसेल तर डिस्ट्रिब्युटरच्या गिअरची पिन तुटलीय किंवा टायमिंग चेन गेलीय, आणि तुम्ही वायरी तपासत बसलाय. टोपी उजेडात तिरकी धरून आतून बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तिथून ठिणगी पळते. मधला कार्बन जागेवर आहे का, आत दमट आहे का. रोटर उलटा करूनही बघा: मधोमध टाचणीएवढं जळकं भोक असेल तर ठिणगी तिथून सरळ शाफ्टमध्ये जाते. वरून असा रोटर नवाकोरा दिसतो.

पॉइंटची फट बहुतेक गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास, पण आपल्या गाडीचा आकडा बघून ठेवा. पॉइंट मिटलेले असताना चावी ऑनवर तशीच राहू देऊ नका, कॉइल भाजून निघते. इलेक्ट्रॉनिकवाल्यांनी पिकअप कॉइलच्या दोन वायरी बघा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सबरोबर (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी डबी) त्यांची प्लेट सतत हलते आणि वर कव्हर शाबूत असताना आतलं तांबं तुटतं. मीटर लावून वायर हलक्या हाताने ओढा. रबरासारखी ताणली गेली किंवा आकडा उडाला तर सापडलं. ओहम किती हवेत ते प्रत्येक गाडीचं वेगळं, म्हणून तक्ता आधीच काढून ठेवा. कॉइलचंही तसंच: बॅलास्टवालीचं प्रायमरी दीडेक ओहम, बिनबॅलास्टचं तीनच्या जवळ, टोपीतल्या कॉइलचं एकापेक्षाही कमी. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा ओहम वजा करा, नाहीतर चांगली कॉइल फेकाल.

गरम झाल्यावरच बंद पडणारी गाडी थंड असताना तपासून काही हाती लागत नाही. सामान गाडीतच ठेवा आणि बंद पडेल तिथे तपासा. हो, तेव्हाही माणूस लागेल.

मॉड्यूल खरोखर गेलं असेल तर नव्याखाली त्याच्यासोबत येणारी पेस्ट लावल्याशिवाय बसवू नका. कोरडं बसवलेलं तापून जातं. अलार्म किंवा चोरकुलूप नंतर बसवलेलं असेल तर त्याच्या जोडण्याही बघा.

जोडणी. प्लगच्या वायरी काढण्याआधी नंबर टाका, फायरिंग ऑर्डर कागदावर. डिस्ट्रिब्युटर हलवला असेल तर त्याआधी खूण केलेली असेलच. टोपीच्या क्लिपा, अर्थची पट्टी, काढलेली टॅकोमीटरची वायर. बराच वेळ सेल्फ मारलाय म्हणजे प्लग ओले झाले असतील, पुसून घाला. बटण लावलं असेल तर काढा आणि शेवटचं स्टार्टिंग चावीने करा. एकदा लागली म्हणून थांबू नका; बंद करून पुन्हा मारायला सांगा, थंड असताना आणि गरम झाल्यावर, आणि चावी सोडताना गचका येतो का ते त्याला विचारा.